स्पोर्ट पिस्तुलाचा ट्रिगर : रेंजवर रोज विचारले जाणारे प्रश्न

रेंजवर कुणाचं नवीन पिस्तूल आलं की आठवड्याच्या आत प्रश्न येतोच, ‘सर, ट्रिगर जरा चांगला करून देता का?’ चांगला म्हणजे कसा, असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर एकच, ‘हलका.’ तिथूनच घोळ सुरू होतो. खालचे प्रश्न २५ मीटरवर वापरल्या जाणाऱ्या .२२ बोअरच्या सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाबद्दल आहेत, म्हणजे पार्डिनी, वॉल्थर, मोरिनी, फाइनवेर्कबाऊ या जातीची पिस्तुलं. एअर पिस्तुलाचा उल्लेख लागेल तिथेच येईल.

ट्रिगर सुधारायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

ट्रिगर दर वेळी सारखा वागला पाहिजे. पहिल्या शॉटला जिथे सुटला तिथेच साठाव्या शॉटला सुटला पाहिजे. सुटण्याआधी करकरला नाही पाहिजे, सुटल्यावर बोट मागे धसकन गेलं नाही पाहिजे. हे जमलं की तो हलकाच वाटतो, मग त्याचं वजन, म्हणजे तो सुटायला लागणारा जोर, तेवढंच का असेना. माझ्याकडे ‘ट्रिगर फार जड आहे’ म्हणून आलेल्या पिस्तुलांपैकी बऱ्याच पिस्तुलांच्या ट्रिगरचं वजन नियमात बसेल इतकंच होतं. आत वंगण सुकून काळा चिकट थर बसला होता, इतकंच.

पण हलका ट्रिगर चांगलाच की! कमी का ठेवायचा नाही?

ठेवता येत नाही म्हणून. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात २५ मीटर पिस्तूल, रॅपिड फायर, स्टँडर्ड आणि सेंटर फायर या सगळ्यांना किमान १००० ग्रॅम लागतात. १० मीटर एअर पिस्तुलाला ५०० ग्रॅम. फक्त ५० मीटरच्या फ्री पिस्तुलाला मर्यादा नाही, तिथे लोक अगदी थोड्या ग्रॅमवर ट्रिगर ठेवतात आणि पिस्तूल उचलताना बोट ट्रिगरच्या आसपासही फिरकू देत नाहीत.

समजा नियम नसता, तरी २५ मीटर पिस्तुलाच्या रॅपिडमध्ये, म्हणजे झटपट मारायच्या भागात, खूप हलका ट्रिगर तुम्हालाच महागात पडला असता. हात ४५ अंशात खाली, हिरवा दिवा लागला की वर, तीन सेकंदांत एक शॉट, सात सेकंद थांबायचं, पुन्हा वर. असे पाच. हात वर येतानाच बोट ट्रिगरचा पहिला, मऊ टप्पा घेत असतं. त्या घाईत ट्रिगरला अंगात थोडं वजन हवं, नाहीतर निशाणाच्या कार्डाच्या खाली मातीत गोळी जाते.

माझे शॉट डावीकडे खाली पडतात. हा ट्रिगरचा दोष का?

उजव्या हाताने मारत असाल तर नव्वद टक्के वेळा बोटाचा. किंवा ग्रिपचा, म्हणजे मुठीचा.

जरा आकडेमोड करू. तुमचं पिस्तूल साधारण सव्वा किलोच्या आसपास, नियमाने १४०० ग्रॅमच्या वर नाही. त्यावर तुम्ही एका बोटाने किलोभर जोर लावता. म्हणजे पिस्तुलाच्या जवळपास स्वतःच्या वजनाइतका जोर. तो सरळ मागे गेला तर ठीक. थोडा जरी कलला तर पिस्तूल त्याच्याबरोबर जाणार.

किती जाणार? नेम धरायची पुढची साइट आणि मागची साइट यांच्यातलं अंतर जास्तीत जास्त २२० मिलिमीटर. निशाण २५ मीटरवर. पुढची साइट मागच्या खाचेत १ मिलिमीटर सरकली की गोळी कार्डावर जवळपास ११३ मिलिमीटर सरकते. प्रिसिजनच्या, म्हणजे सावकाश मारायच्या भागाच्या, कार्डावर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचं, पुढच्या प्रत्येक रिंगचा व्यास ५० मिलिमीटरने मोठा. म्हणजे मध्यभागी धरलेला शॉट एका मिलिमीटरच्या झटक्याने थेट सहावर. आणि १ मिलिमीटर म्हणजे अंगठ्याच्या नखाच्या कडेची पांढरी रेघ, तेवढंच.

हात हलतो तेव्हा दोन्ही साइट बरोबर हलतात, त्याचं नुकसान फार नसतं. ट्रिगर हिसकला की दोन साइटमधला कोन बदलतो, मग रिंगांचा हिशेब असा कोसळतो. म्हणून जुने कोच निशाणापेक्षा साइटकडे बघ म्हणून ओरडतात.

तेव्हा स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी एक बघा. ग्रिप धरल्यावर तर्जनीच्या बाजूला, बोट आणि लाकूड यांच्यात बारीक फट दिसते का? नसेल, तर बोट मागे येताना लाकडाला घासत येतं आणि प्रत्येक शॉटला पिस्तूल ढकलतं. ते लाकूड तिथे थोडं तासलं की अनेकांचा ‘ट्रिगर’ सुधारतो.

बोट ट्रिगरवर कुठे ठेवायचं?

पहिल्या पेराच्या मांसल भागावर, टोक आणि पहिला सांधा यांच्या मध्ये. सांध्यात अडकवलं की ओढ तिरकी होते. ट्रिगरच्या पात्यावर वर-खाली जागाही रोज तीच हवी. पातं वरच्या खिळीवर फिरतं, त्यामुळे बोट खाली घसरलं की तरफ लांब होते आणि तोच ट्रिगर हलका लागतो. ‘काल बरा होता, आज जड झाला’ या तक्रारीमागे कितीतरी वेळा चार मिलिमीटर वर सरकलेलं बोट असतं.

पहिला टप्पा, दुसरा टप्पा म्हणजे काय?

बोट ठेवून दाबलं की ट्रिगर आधी मऊ चालतो आणि मग एका जागी भिंत लागल्यासारखा अडतो. तोवरचा पहिला टप्पा. भिंतीवर आणखी थोडा जोर दिला की हॅमर, म्हणजे गोळी उडवणारा आतला हातोडा, सुटतो, तो दुसरा. आतमध्ये सिअर नावाचा छोटा तुकडा हॅमरच्या खाचेत अडकून त्याला मागे धरून ठेवतो. पहिल्या टप्प्यात स्प्रिंग दबते, दुसऱ्यात सिअर खाचेतून निसटतो. सिअर निसटताना जे सरपटणं बोटाला जाणवतं त्याला क्रीप म्हणतात. आमच्याकडे एकाने त्याला ‘वाळू’ नाव दिलं होतं, ते चांगलं आहे. दळताना जात्यात खडा आला तर जसं जाणवतं, तसं.

सगळ्यांना दोन टप्पे आवडतात असं नाही. काही जण विशेषतः रॅपिडसाठी एकच लांब, गुळगुळीत ओढ पसंत करतात, ज्यात भिंतच नसते. नव्याने शिकणाऱ्याला मी दोन टप्पेच देतो, कारण भिंत लागली की त्याला कळतं आपण कुठे आहोत.

१००० ग्रॅमची वाटणी कशी करायची?

इथे खरी गंमत आहे, आणि ट्रिगर सुधारण्यातला सर्वांत मोठा फायदाही इथेच मिळतो.

नियम एकूण वजन बघतो. त्यातलं पहिल्या टप्प्यात किती आणि दुसऱ्यात किती, हे तुमच्यावर. दोन्ही टप्पे निम्मेनिम्मे ठेवले तर भिंतीवर पोहोचल्यावरही ५०० ग्रॅम ढकलायचे उरतात, आणि ते शेवटच्या क्षणी, जेव्हा साइट जुळलेली असते आणि मन ‘आत्ता मार’ म्हणत असतं. त्याऐवजी पहिल्या टप्प्यात ७०० आणि दुसऱ्यात ३०० ठेवा. पहिले ७०० हात वर येत असतानाच घेऊन टाकायचे. साइट स्थिरावली की उरतात फक्त ३००. तोच किलोचा ट्रिगर एअर पिस्तुलासारखा वाटायला लागतो.

पण दुसरा टप्पा २०० च्या खाली नेऊ नका असं मी सांगतो. भिंत पातळ झाली की घाईत ती लागतच नाही, बोट तिच्यातून आरपार जातं. प्रिसिजनमध्ये हे चालून जाईल, रॅपिडमध्ये नाही. आणि दोन्ही त्याच पिस्तुलाने मारायचे असतात.

कुठला स्क्रू आधी फिरवायचा?

मॅन्युअल उघडा. खरंच उघडा. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, आणि दिसायला सारखे दोन स्क्रू अगदी उलट कामं करतात.

त्याआधी मॅगझिन बाहेर, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग) मागे, चेंबरमध्ये (गोळी बसते त्या जागी) बोट किंवा डोळा घालून खात्री, आणि काडतुसांचा डबा दुसऱ्या खोलीत. हे चौघांनी चार वेळा सांगितलेलं असतं तरी पाचव्यांदा करा.

माझा क्रम असा. सगळ्यात आधी ट्रिगरच्या पात्याची जागा, पुढे-मागे आणि कोन, कारण ती बदलली की बाकी सगळं वेगळं लागतं. मग पहिल्या टप्प्याचं वजन, मग दुसऱ्याचं, आणि दर वेळी एकूण वजन पुन्हा तपासायचं, कारण एक हलवलं की दुसरं थोडं सरकतंच. ट्रिगर स्टॉप, म्हणजे हॅमर सुटल्यावर पातं अडवणारा स्क्रू, शेवटी. सिअरच्या पकडीचा स्क्रू असेल तर तो शक्यतो कारखान्यातून आला तसाच.

एका वेळी एकच स्क्रू, पाव फेऱ्याहून जास्त नाही. फिरवण्याआधी स्क्रूच्या डोक्यावर आणि शेजारच्या धातूवर एकच बारीक रेघ ओढा. घरातली नेलपॉलिश चालते. ती रेघ जुळवली की मूळ जागी परत येता येतं. वहीत तारीख, स्क्रू, किती फिरवला, वजन किती आलं, एवढं लिहा. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर ‘इथे हात लावू नये’ असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे आणि खाली तीन वेळा हात लावल्याच्या नोंदी आहेत.

ट्रिगर स्टॉप अगदी घट्ट केला तर सुटल्यावर बोट अजिबात मागे जाणार नाही, मग तसं का नको?

हॅमर सुटल्यावर पातं जितकं मागे जातं, तेवढा बोटाचा उरलेला जोर पिस्तुलाला हलवतो. म्हणून स्टॉप जवळ हवा हे बरोबर. पण तो इतका जवळ आणला की सिअर पुरता मोकळा होत नाही, तर हॅमर जाताना त्याला घासत जातो. आज एखादा शॉट अडखळतो, उद्या सिअरची कड झिजते. आणि आत घाण साठली की एक दिवस ट्रिगर सुटतच नाही, नेमका मॅचमध्ये. हॅमर सुटेल इतका, आणि वर थोडी जागा. बस.

सिअर थोडा घासून पॉलिश केला तर वाळू जाते म्हणतात. करू का?

नाही.

यावर लांब उत्तर द्यायला हवं, कारण व्हिडिओ बघून हे करणारे वाढलेत. सिअरच्या आणि हॅमरच्या कडांना वरून कडक केलेला पातळ थर असतो आणि त्यांचा कोन ठरलेला असतो. पॉलिश पेपरने दोन मिनिटं घासलं की पहिले शंभर शॉट लोण्यासारखे जातात. थर गेलेला असतो, त्यामुळे मग आतला मऊ धातू झिजायला लागतो आणि ट्रिगरचं वजन दर आठवड्याला खाली येतं.

याहून वाईट गोष्ट सेमी-ऑटोमॅटिकमध्ये होते. शॉट सुटला की बोल्ट मागे जातो, हॅमरला परत कॉक करतो, म्हणजे मागे ताणून तयार ठेवतो, आणि पुढच्या गोळीसकट पुढे आपटतो. त्या आपटण्यात सिअरने हॅमरला धरून ठेवायचं असतं. पकड कमी झाली असेल तर हॅमर बोल्टच्या मागोमाग खाली येतो. नशीब चांगलं असेल तर पिस्तूल नुसतं अनकॉक होतं. नसेल तर एकदा ओढलेल्या ट्रिगरवर दोन गोळ्या जातात, आणि दुसरी कुठे गेली हे कुणालाच माहीत नसतं. डिसकनेक्टर नावाचा भाग बोट दाबलेलं असताना दुसरा शॉट होऊ देत नाही. त्याच्याशी खेळणं तर शुद्ध वेडेपणा. एकदा दाबल्यावर गोळ्या सुटतच राहतील असं शस्त्र आपल्या कायद्यात प्रतिबंधित शस्त्रांत मोडतं, हेही ध्यानात असू द्या.

बदल केल्यावर सुरक्षित आहे हे कसं तपासायचं?

रिकाम्या पिस्तुलावर, नळी सुरक्षित दिशेला. बोल्ट मागे ओढून पूर्ण जोराने पुढे सोडा, वीस-पंचवीस वेळा. एकदाही हॅमर खाली यायला नको. मग ट्रिगर दाबून धरूनच बोल्ट ओढून सोडा. हॅमर कॉक राहिला पाहिजे, आणि बोट सोडताना ‘टक’ असा बारीक आवाज येऊन ट्रिगर पुन्हा पकडला गेला पाहिजे. मग कॉक करून ग्रिपवर तळहाताने दोन-चार ठोसे द्या. यातल्या कुठल्याही पायरीला हॅमर सुटला तर पिस्तूल बॅगेत, बॅग आर्मररकडे, म्हणजे शस्त्रं सांभाळणाऱ्या जाणकाराकडे.

सगळं ठीक असेल तरी रेंजवर पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एकच गोळी, मग दोन. थेट पाच नाही.

वजन कसं तपासतात? घरी करता येतं का?

इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे स्पर्धेत पिस्तुलं तपासतात तिथे, टेबलावर १००० ग्रॅमचं वजन असतं, वर दांडा, दांड्याला रबराची किंवा धातूची कड. नळी आकाशाकडे उभी धरायची, कड ट्रिगरच्या पात्याच्या साधारण मध्यावर अडकवायची आणि वजन टेबलावरून सावकाश उचलायचं. ट्रिगर न सुटता वजन अधांतरी राहिलं की पास. झटका दिला की सुटतो, म्हणून मनगटाने न उचलता पूर्ण हात हळू वर न्यायचा. प्रयत्न तीन मिळतात. मॅच संपल्यावरही चिठ्ठी काढून काही जणांना बोलावतात, आणि तिथे नापास झालं तर थेट बाद.

माझा स्वतःचा किस्सा सांगतो. एका स्पर्धेच्या आदल्या रात्री मी रद्दीवाल्याकडे असतो तसल्या स्प्रिंगच्या काट्याने ट्रिगर बरोबर १००० वर आणला. सकाळी टेबलावर वजन जेमतेम वीतभर उठलं आणि ‘खट्’. दुसऱ्यांदा ‘खट्’. मागे रांग, समोर ज्यूरी, हातात ॲलन की आणि बोटांना घाम. पाव फेरा, मग अजून पाव, तिसऱ्या वेळी उठलं. पण मॅच मी अनोळखी ट्रिगरने मारली आणि पहिली सिरीज कशी गेली ते विचारू नका. तेव्हापासून १०२० ते १०३० ठेवतो. वीस-तीस ग्रॅम बोटाला कळत नाहीत, टेबलाला कळतात. आणि काटा दिला टाकून. लोखंडाचं मोजून बनवलेलं वजन आणा, तेच कामाचं.

साफसफाई कधी आणि किती?

.२२ च्या गोळ्या शिशाच्या, वरून मेणाचा किंवा ग्रीसचा हात. प्रत्येक शॉटला त्याचा आणि बारुदाचा चुरा मागे ट्रिगरच्या यंत्रणेवर उडतो. वर कुणी ‘चांगलं असतं’ म्हणून तेल ओततं, की झाला चिखल.

सिअर आणि हॅमर जिथे भेटतात तिथे टाचणीच्या टोकावर मावेल एवढंच वंगण. बाकी ट्रिगर कोरडा असला तरी चालतो. वॉल्थर जीएसपीसारख्या पिस्तुलात सगळी ट्रिगर यंत्रणा एका ठोकळ्यासारखी बाहेर निघते, त्यांचं काम सोपं. ज्यात निघत नाही त्यात ब्रश आणि हवा. खिळ्या काढून पार्ट सुटे करत बसू नका. स्प्रिंग उडून कपाटाखाली गेली की संध्याकाळ गेली.

मुंबई-कोकणवाल्यांसाठी वेगळं. जून ते सप्टेंबर पिस्तूल फोमच्या बॅगेत बंद ठेवू नका, फोम दमट हवा धरून ठेवतो. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि महिन्याला बदला. कडेवर आलेला गंज डोळ्याला दिसण्याआधी बोटाला वाळूसारखा लागतो.

हलकी स्प्रिंग टाकली तर?

ट्रिगरच्या स्प्रिंगा कंपनीच्याच वापराव्यात. हॅमरची मुख्य स्प्रिंग हलकी करायचा मोह मात्र आवरा. .२२ मध्ये फायरिंग पिनने काडतुसाची कड चेपायची असते, त्याला जोर लागतो. स्प्रिंग हलकी केली की मिसफायर सुरू होतात, आणि रॅपिडच्या सिरीजमध्ये तिसऱ्या शॉटला नुसतं ‘टक’ झालं की डोकं जागेवर राहत नाही. मॅल्फंक्शनचा, म्हणजे पिस्तूल बिघडल्याचा, दावा दर वेळी मान्य होत नाही.

घरी ड्राय फायर (रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर दाबायचा सराव) केलं तर पिन तुटते का?

रिकाम्या चेंबरवर .२२ मारत राहिलात तर पिन चेंबरच्या कडेवर आपटू शकते, आणि तिथे पडलेला खड्डा परवडत नाही. कंपनीने ड्राय फायरची सोय दिली असेल तर ती, नाहीतर प्लास्टिकचा प्लग. पण करा जरूर. पांढरी कोरी भिंत, निशाण नाही, फक्त साइट. हॅमर पडला तेव्हा पुढची साइट हलली का, एवढंच बघायचं. रोज वीस मिनिटं. मी ट्रिगर ‘करून’ दिलेल्यांपेक्षा हे केलेल्यांचे गुण जास्त वाढले, हे कबूल करायला हरकत नाही.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर घ्यावा का?

क्रीप नाही, झीज नाही, सुटणं अगदी काचेसारखं. पैसे आणि काळजी दोन्ही जास्त. २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकला मनू भाकरच्या एअर पिस्तुलात पात्रता फेरीच्या मध्येच बिघाड झाला, पंधरा मिनिटांहून अधिक वेळ गेला, आणि ती ५७५ गुणांवर बाराव्या स्थानी राहिली. यावरून इलेक्ट्रॉनिक वाईट असं मी म्हणणार नाही, मेकॅनिकलही तुटतं. पण ज्याच्याकडे एकच पिस्तूल आहे आणि जवळचा जाणकार माणूस तीनशे किलोमीटरवर आहे, त्याने साधा ट्रिगर घ्यावा.

हे सगळं कायद्यात बसतं का?

कंपनीने फिरवण्यासाठीच दिलेला स्क्रू फिरवणं वेगळं आणि भाग घासणं, बदलणं, जोडणं वेगळं. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्र बनवणं, विकणं, त्यात बदल करणं, दुरुस्त करणं यासाठी परवाना लागतो. ओळखीच्या लेथवाल्याकडे पिस्तुलाचे पार्ट नेणं म्हणजे त्यालाही अडकवणं. परवाना असलेला गनस्मिथ किंवा कंपनीचा अधिकृत माणूस शोधा. नॅशनलला मोठ्या कंपन्यांचे तंत्रज्ञ अनेकदा येतात, तेव्हा पिस्तूल दाखवून घ्या, आणि ते काय करतात ते शेजारी उभं राहून बघा.

माझ्याकडे पिस्तूल नाही, क्लबचं वापरतो. त्याचा ट्रिगर माझ्यासारखा करून घेऊ का?

तेच पिस्तूल सकाळी सात वाजता एक मुलगी वापरते, नऊ वाजता निवृत्त फौजदार, आणि अकराला तुम्ही. तुम्ही फिरवलेला पाव फेरा फौजदारकाकांना दुसऱ्या दिवशी पहिल्या शॉटला कळणार. आर्मररला सांगा, साफ करून मागा, वजन तपासून मागा. बाकी बोटाची जागा तुमची तुम्ही ठरवा. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.